तांबड्या रेघांचा कागद

जुईनगरच्या आमच्या घराचं काम काढलं, तेव्हाचं सांगतो, पण हसू नका. मुलानं बेलापूरची एक आर्किटेक्ट पोरगी आणली. ती म्हणाली, "आजोबा, घरातल्यांच्या मनाला बरं वाटेल अशी जागा करायची, तर आधी एक दिवस मी नुसती बघत बसते." बसली. घरात कोण कुठं चालतं, त्याच्या रेघा कागदावर मारत राहिली.

संध्याकाळी कागद दाखवला. मला वाचता येत नाही, पण रेघा कळतात. माझी निळी रेघ खाटेपासून खुर्चीपर्यंत. बाकी सगळा कागद तांबडा, जाळ्याचा गुंता व्हावा तसा.

"ही कुनाची गं?"

"आजींची. बहुतेक वेळा तुमच्या खुर्चीपाशीच येते. पाणी, चष्मा, पंखा."

मी गारच पडलो. बायकोचे गुडघे गेलेत, आणि डॉक्टरांना मीच सांगत होतो, "ही तर घरात बसूनच असते."

बायकोकडं बघवेना. म्हटलं, पाणी तरी आपलं आपण घेऊ. आत गेलो आणि ओट्यापाशी उभाच राहिलो. शेवटी हाक मारली, "अगं, पेले कुठं ठेवतेस?"

"थांबा, आले," म्हणत ही लंगडत आत आली. बाहेरच्या खोलीत ती पोरगी कागदावर आणखी एक तांबडी रेघ मारत होती.