छत्रीचा नेम

फिनलंडमधल्या कुहमो गावी चष्म्याच्या दुकानात मी रांगेत होतो. माझ्या पुढे एक म्हातारे शिकारी आणि डोळे तपासणारी तरुण मुलगी बोलत होते.

"मूस हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी नेमबाजीच्या परीक्षेत दोनदा नापास झालो, पोरी. शनिवारी शेवटची संधी. नाहीतर यंदा शिकाऱ्यांच्या टोळीसाठी मी नुसतं सूप ढवळायचं."

"पण तौनो आजोबा, अक्षरांचा तक्ता तर या चष्म्यातून तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात."

"तेच तर! डोळे ठीक आहेत, म्हणजे हातच गेले. माझ्या बापाचेही असेच थरथरायला लागले होते."

"ही छत्री घ्या. बंदूक धरता तशी धरा."

"इथे? लोक हसतील."

"हसू देत. गाल टेकवा. नेम धरा. हं, तुम्ही बघताय तिथे भिंगावर ठिपका काढते. आता चष्मा काढून बघा."

"अगं, हा तर पार वर, नाकाजवळच्या कोपऱ्यात!"

"मान झुकली की तुम्ही तिथून बघता. तिथे या भिंगातून पुसटच दिसणार. नव्या चष्म्यात नीट दिसणारी जागा मी त्याच कोपऱ्यात आणते. शुक्रवारी न्या."

"आणि हात?"

"मी ठिपका काढेपर्यंत छत्री जराही हलली नाही."

"खरं सांगतेस?"

"खरं. द्या ती आता."

"थांब गं. आणखी एकदा धरून बघू दे."