मंगळवारचं तेल

— तेल सोडून दुसरं औषध? आहे की, पुष्कळ आहे, पण तेल आधी. आणि माझ्या घाण्यावर आलास कधी, तर मंगळवारी. मंगळवार-शुक्रवार बायकांचं तेल लावून न्हाणं, बुधवार-शनिवार तुम्हा पुरुषांचं, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. मागे बघ, डबे घेऊन बाया खोळंबल्यात. बरं, आलास तर टेक त्या तिळाच्या पोत्यावर. माझ्या मैत्रिणीचा, वडिवूचा लेक तू, तुला का हाकलून देऊ? इसक्कीमुत्तू नाव ठेवलं तुझं, त्या दिवशी पायसम ढवळायला मीच होते.

हां, तर पाळी जवळ आली की बायकोचं डोकं फिरतं म्हणतोस. पोट फुगतं, छाती ठणकते, उगाच रडते, काल रसमचं पातेलं भिंतीवर फेकलं. अरे, फेकते बाई. मी नारळ फोडायची त्या दिवसांत, लागत नसले तरी फोडायची. — उपाय लिहून कशाला घेतोस, नीट ऐक. रात्री मेथ्या भिजत घाल, सकाळी चावून खाऊ दे. उडदाच्या पिठाची कळी घट्ट शिजव, ताडाचा गूळ घालून, वर माझ्याकडचं तेल, सढळ हातानं. सुंठ-धण्याचा काढा. लोणचं-पापड बंद, कॉफी एकच. एरंडाचं पान तव्यावर गरम करून ओटीपोटावर. आणि दुपारची झोप — ती तुमच्या घरात कोण देतंय म्हणा. एवढं केलंस तर पोट हलकं होईल, चिडचिड उतरेल. खोटं नाही सांगत. तुझा उगारलेला हात मात्र मेथीनं उतरत नाही, त्याला आमच्याकडे पाला नाही.

बघतोस काय असा? तुझी पेच्ची आत पडलीय माझ्याकडे. सकाळी आली तेव्हा करंगळी मागच्या बाजूला वळलेली. ओढून बसवली मी, तोंडात पदर कोंबून घेतला तिनं. कानाच्या मागे केस उपटलेत, तिथे कातडं दिसतंय. — काय म्हणालास? काल सोमवार होता? डोक्याला तेल नव्हतं तिच्या, म्हणून मारलं? वा रे धर्मराज. म्हणजे नियम पाळून मारलंस. तेल लावलेल्या बाईला नवऱ्यानं हात लावायचा नाही, प्रेमानं नाही, रागानं नाही, लावला तर डोळे जातात — पाठ आहे तुला, चांगलं पाठ आहे. आणि काल एक दिवस चुकली, एरवी पाळीच्या आधीचे आठ दिवस ती रोज तेल माखून बसते, म्हणून जळफळाट होतोय तुझा. म्हणून हवंय दुसरं औषध. बाई शांत पण व्हावी आणि तुझा हातही मोकळा राहावा. दोन्ही डगरींवर हात.

नाही, तेल बंद नाही करणार मी. तुझ्या बापानंही हेच मागितलं होतं, याच पोत्यावर बसून. त्यानं तर पट्टा काढला होता कमरेचा, तिथल्या तिथे. मी म्हटलं, मार, आजच शुक्रवार आहे, आज मारून बघ. गेला निमूट. लॉरीवाला माणूस, डोळ्यांना जपणारच. तू लहान होतास, तेलाच्या रात्री आईच्या कुशीत झोपायचास, घरात चिडीचूप. तुला वाटायचं, अप्पाला आज पगार मिळाला. — कुणाचे डोळे गेले विचारतोस? अरे, कुणाचे जाणार? वाडवडिलांनी एवढंच सांगितलं होतं की तेलाच्या रात्री जवळ जाऊ नये. रागानंही नको, डोळे जातात, हे पुढचं तर तुझ्या आईनं इथेच बसून, दात पाडलेल्या तोंडानं हसत हसत जोडलं, आणि आम्ही साऱ्या बायांनी —

पाणी पी.

म्हातारी झालेय मी. तोंडाला कडी राहत नाही. काहीबाही बोलते, मनावर घेऊ नकोस. जातात डोळे, बाबा. त्या कडैयनल्लूरच्या टेलरचे गेले होते, एक तर गेलाच होता. — हसू नकोस असा. तुझा बाप असाच हसायचा, नाकानं, आणि मग दार आतून लावायचा. मेथी घेऊन जा, फुकट ने. पेच्चीला मी संध्याकाळी पाठवते.

उठलास कशाला? आईला विचारायला? काय विचारायचंय त्यात? सत्तरीची बाई ती, गुडघे धरून चालते, घरात एकटी आहे. — सावकाश विचारशील, हो ना? तुझ्या मुठीकडे बघून कळतंय किती सावकाश. इसक्की, खाली बस. खाली बस म्हणते.

अगं बायांनो, तुम्ही उभ्या काय राहिलात? ऐकलंत ना सगळं? डबे ठेवा खाली. दार लावून घ्या.