खातूनआपाचा ओटा आणि साहेबांचं क्युसेक

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील अधिकारी मंडळी, सत्कारमूर्ती संघपाल साहेब, त्यांच्या पत्नी सपनाताई, उद्यापासून साहेबांच्या खुर्चीवर बसणाऱ्या समीक्षा मॅडम आणि धुळ्यात एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या बंधूभगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम आणि सलाम.

मी नर्मदाबाई. नदीकाठच्या आमच्या गावात अंगणवाडी सांभाळली, आता घरी असते. सूत्रसंचालकांनी मला 'थोडक्यात' असं बजावलंय. अंगणवाडीवालीला कोणी थोडक्यात सांगतं का?

साहेब पूर नियंत्रण कक्षात आले तेव्हा वरच्या धरणातून पाणी सोडलं की मला फोन करायचे. इतके हजार क्युसेक, सावध राहा. मी गल्लीत ओरडून सांगायचे. गल्ली म्हणायची, म्हणजे किती? मला तरी काय ठाऊक! एकदा साहेब स्वतः आले आणि समजावलं, की एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण दोन हंडे. आमच्या खातूनआपा भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "इतला हंडा कोन मोजी? पानी मन्हा ओटाले लागी का नई, ते सांगा."

दुसरा साहेब असता तर रागावला असता. हे ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि टेप काढून ओटा मोजला. त्या दिवसापासून फोनवरचं बोलणं बदललं. कागदावर क्युसेक, आमच्यासाठी "नर्मदाअक्का, संध्याकाळपर्यंत पाणी आपाच्या ओट्याला लागेल." सगळी गल्ली त्या सगळ्यात खालच्या ओट्याकडे बघायची आणि पाणी हातभर खाली असतानाच टेकावरच्या शाळेत जाऊन बसायची. मग आपा माझ्या फोनवरून साहेबांना ओरडून सांगायच्या, "बठ्ठा वर शेतस," म्हणजे सगळे वर पोचले. कित्येक पावसाळे एकाचीही चप्पल वाहून गेली नाही.

मग आपाचा मुलगा कादर, हाताचा चांगला गवंडी, त्याची बायको बाळंत झाली. ओलं बाळंतपण, घरात ओल नको, म्हणून पोराने मायेने उंबऱ्यासकट ओटा दोन हात उंच केला. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. साहेबांना सांगायला हवं हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये फोन आला, नेहमीसारखाच. आपांनी बाहेर बघितलं, पाणी ओट्यापासून खूप खाली. म्हणाल्या, अजून पुष्कळ वेळ आहे. आम्हीही तेच समजलो. बघता बघता बाकीच्या घरांच्या उंबऱ्यांना पाणी लागलं, आम्ही कसेबसे टेकावर चढलो आणि मागे वळून बघतो तर गल्लीत कमरेइतकी धार. कादर वरणगावला कामावर. घरात आपा, सून आणि तान्ही पोर.

मी रडत साहेबांना फोन केला. "साहेब, ओटा वाढवलाय हो." साहेबांनी विचारलं, पाणी आपाच्या उंबऱ्यापासून किती खाली? म्हटलं, हातभर. ते म्हणाले, "त्यांना बाहेर पडू देऊ नका. त्या धारेत पोर घेऊन कोणी उभं राहू शकत नाही. वरून विसर्ग कमी करतोय, बोट निघालीय. पाणी उंबरा ओलांडणार नाही."

आपाचा नंबर घेतला, स्वतः लावला, आणि मग ठेवलाच नाही. मगरिबच्या नमाजाची वेळ निघून गेली तरी हा माणूस विचारतोय, आता कुठल्या विटेला पाणी आहे? बाळ दूध प्यालं का? आपा नंतर मला म्हणाल्या, साहेबांचा आवाज इतका कापत होता की मीच त्यांना धीर देत होते.

पाणी उंबऱ्याखाली चार बोटं थांबलं. बोट आली तोवर उतरायला लागलं होतं.

सकाळी साहेब आले. चिखलातच ओट्यावर बसले. आपांनी पोर त्यांच्या मांडीवर दिली, आणि सपनाताई, तुमचे साहेब आमच्या गल्लीसमोर लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "अक्का, शब्द दिला खरा, पण माझी मलाच खात्री नव्हती."

त्याच आठवड्यात आपांनी कादरला सांगितलं, ओटा होता तेवढाच कर. साहेबांनी हात जोडले, आपा, तुमच्या घरात पाणी शिरेल, मी माझं माप बदलतो ना. आपा म्हणाल्या, "गल्लीले जुना ओटा पाठ शे. तोच ऱ्हाऊ द्या." स्वतःच्या घरात सगळ्यांआधी पाणी घ्यायला कोण तयार होतं हो? मला अजून ते नवल वाटतं.

समीक्षा मॅडम, पावसाळ्याआधी चहाला या. ओटा एकदा बघून घ्या. ती पोर, आयत, आता शाळेत जाते, तीच तुम्हाला दाखवेल.

साहेब, साक्रीला सुखाने राहा. ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, सपनाताईंनी मला सगळं सांगितलंय. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. वेळेपेक्षा जास्त बोलले, कुठे मान राखायचा राहून गेला असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

खातूनआपांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. निघताना त्यांनी मला दारात थांबवून निरोप दिलाय, तो जसाच्या तसा सांगते आणि बसते. "साहेबले म्हना, आते फोन ठी द्या. बठ्ठा वर शेतस."