वगारीच्या पोटातला जिन

तुम्हीच सांगा, म्हशीच्या वगारीच्या पोटात जिन शिरतो का हो? हसू नका... आमच्या भावजींना विचारा! भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, सटवाजीराव. त्यांना सगळं कळतं! आख्ख्या मुखेड तालुक्यात ढोरांचं कळणारा हा एकच माणूस, आणि तो नेमका माझ्याच घरात!

वगार माझी, हो. तिची आई म्हातारी होऊन गेली, आता गोठ्यात हीच एक. तिला हगवण लागली, रवंथ बंद झाला, मी म्हटलं डॉक्टरांना बोलवा. तर भावजी म्हणाले, "डाक्टर कशाला वैनी? माझ्याकडं बाटली हाय की!" कसली बाटली? त्यांच्या शेळीच्या आजारपणातली, उरलेली! सकाळी एक टोपण पाजलं. शेण जरा घट्ट झालं की बंद. पातळ झालं की पुन्हा टोपण. "लई दिलं की उष्णता होती, वैनी." माप कसलं, तर टोपण! पुढं पुढं त्या टोपणानंही काही होईना, वगारीनं मान टाकली, आणि मी सरळ उदगीरला फोन लावला. सगळं कळणारे तेव्हा पारावर बसले होते.

डॉक्टर रुद्रेश आले, तपासलं, म्हणाले, "ताई, हे औषध आता हिला लागू पडत नाही. चरणाऱ्या जनावराच्या पोटात जंतूंची जत्रा असते. पुष्कळसे कामाचे, चारा पचवणारे. पण अर्धवट औषधातून जे वाचतात ना, त्यांच्याकडं वाचायची युक्ती असते. ती असते त्यांच्या जीनमध्ये. आणि तो जीन ते शेजारच्या जंतूला देऊन टाकतात. सोयरीक लागत नाही, जात लागत नाही."

मी तर गारच पडले! शेणातले जीव, डोळ्याला दिसत नाहीत, आणि शेजाऱ्याला अशी युक्ती देऊन टाकतात? माझ्या जाऊबाई उमादेवींनी येसराच्या मसाल्याचं माप मला अजून सांगितलं नाही हो, एका चुलीवर स्वयंपाक करून!

डॉक्टरांनी नवी बाटली दिली, मापाचा कप दिला, "सांगितलेले सगळे दिवस पाजा, मध्ये थांबलात तर हेही औषध वाया जाईल," असं दोनदा बजावलं. आणि भावजींनी एवढ्या सगळ्यातून काय ऐकलं? एकच शब्द! "म्हनलं न्हवतं वैनी? जिन हाय! डाक्टरच म्हनला!"

सगळं कळतं ना!

मग काय, लिंबू आलं, मिरच्या आल्या, कडुलिंबाचा डहाळा आला, आणि हे वगारीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. "कौन है रे तू? किदर से आया? किसका है?" मी म्हटलं, भावजी, ती आपल्या गोठ्यात जन्मली, तिला उर्दू कुठलं? तर म्हणे जिनाला मराठी येत नाही! वगारीनं शेपूट उचललं आणि उत्तर दिलं... थेट त्यांच्या धुतल्या पायजम्यावर. तरी हा माणूस खूश! "बगा बगा, भिऊन राहिला!"

मी आपली गुपचूप मापानं औषध पाजत राहिले. हळूहळू तिनं मान उचलली, कडब्याला तोंड लावलं, आणि एका संध्याकाळी रवंथ करायला लागली... माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. आणि भावजी? गल्लीत! "उतरवला! एका डहाळ्यात उतरवला!" शेळ्यावाल्या बाया लगेच गोळा, "भाऊ, आमच्या शेळीला बी बगा की!" मी हात जोडले. "भावजी, हे औषधानं झालं. उद्याचं शेवटचं माप राहिलंय, बाटलीला हात लावू नका." तर म्हणाले, "वैनी, मला ढोरांचं शिकवू नका."

कशाला शिकवू? त्यांना सगळं कळतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप घेऊन गोठ्यात गेले, तर बाटली रिकामी होती. भावजींनी उजाडताच गल्लीतल्या प्रत्येक शेळीला एक-एक टोपण पाजलं होतं.