वैद्याच्या कमरेची तलवार

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही अंजूरला आलात. प्रज्ञाचे आईवडील समोर बसलेत. मी तिचा शाळेतला चित्रकलेचा मास्तर. वर्गात तासभर बोलायचो, पण असं बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

प्रज्ञा मानकोलीच्या गोदामात ड्युटी करायची आणि उरलेल्या वेळात धाकट्या भावाबरोबर, सुजयबरोबर, मोबाइलचा गेम रचायची. गावावर राक्षस चालून येतात आणि चौघांनी मिळून गाव वाचवायचं. त्यातली माणसं काढायला तिने मला पकडलं. लढवय्या, तिरंदाज, वैद्य. मी म्हटलं, "इतके कशाला? एकच काढू, सगळं येणारा." ती हसली. "सर, सगळं येणाऱ्याला कोण हाक मारील? आणि तो तरी कुणाला हाक मारील?"

मला पटेना. म्हणून तिने घरातच खेळ मांडला. चार चुलत भावंडं, चार फोन. चौघांनीही लढवय्याच घेतला. चौघंही वेशीवरच मेले. दुसऱ्या डावाला एकाचा फोन तिच्या काकींनी घेतला आणि वैद्य निवडला. म्हणाल्या, "मला लढता न्हाय येत. पन तुमी पडलाव तं उटवीन." आणि काय सांगू, गाव वाचलं! मी सत्तरीचा माणूस, बघतच राहिलो. कुणाला काय येत नाही, हे आधी ठरवायचं आणि खेळ तिथून सुरू करायचा. असं मला कधी सुचलं का नव्हतं?

तरी मी चूक केलीच. वैद्य काढला आणि त्याच्या कमरेला तलवार लटकवली. नुसती झोळी घेतलेला माणूस मला बिचारा वाटला. प्रज्ञाने चित्र परत केलं. "सर, तलवार दिसली की लोक त्याला पुढे ढकलतील. मग मागे कोण थांबेल?" मला राग आला. माझीच विद्यार्थिनी मला चित्र शिकवते? महिनाभर रुसून बसलो. तिचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. मग तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. काय सांगायचं होतं तिला? मला खरंच जाणून घ्यायचंय, आणि विचारायला कुणी नाही.

काल मी वैद्य नव्याने काढला. तलवार नाही, दोन्ही हात मोकळे. बरा झालाय का, म्हणून सुजयला विचारलं. तो म्हणाला, "सर, मला चित्रातलं कळत नाही." मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. म्हणून रविवारपासून आम्ही दोघं एकत्र बसणार आहोत.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

प्रज्ञा, चित्र द्यायला उशीर झाला, पोरी.