दोरीवरची झेंडी

लष्करी छावणीतल्या शिंप्याकडं मी पँटसाठी थांबलो होतो. माझ्यापुढं सोयगावच्या मनकर्णाबाई होत्या. त्यांनी पिशवीतून तिकोनी निळी झेंडी काढली.

“मास्तर, एवढी कड शिवा. आमच्या कडूबाच्या गाडीची हाय.”

“आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या त्या चिलखती गाडीची? मग आला म्हणा पोरगा!” शिंपी म्हणाला.

“नाय. सायबाचा फोन आला. गस्तीवर असताना गाडी नदीत गेली म्हणे. आठ दिस झाले, सापडंना.”

“मग ही आणली कुणी, मावशी?”

“कुणीच नाय. अंगणातल्या दोरीवर व्हती. वली. पिळली तर तांबडं पाणी निघालं.”

“तांबडं?”

“मातीचं. आपल्याकडं तर सगळी काळीच माती.”

“हिला आधीचे टाके दिसतात.”

“माझेच. रोज शिवून सांजंला दोरीवर टाकते. सकाळी पुन्हा वली आन् फाटलेली असती. आता माझे टाके टिकंनात.”

“मावशी, गाडीच नाही राहिली तर…”

“तुम्ही छावणीतले ना, मास्तर? गाडी परत आल्याबगर झेंडी उतरवत नाय, ठावं हाय ना?”

“हो, ठाऊक आहे.”

“मंग? त्यो रोज उतरवतोय की. सांजच्या आत द्या. त्याला परत गस्तीला जायचंय.”