बसायचं सोडायला गेलो, तर म्हणाले 'बसा'

...आणि ती खिडकीतली बाई मला म्हणते काय, तर 'बसा'! अहो, बसायचं सोडायला आलोय मी, बाई! बसून बसूनच ही वेळ आलीय! पण हे तोंडावर म्हणायची छाती कुणाची? बसलो. बाकाच्या पार कडेला, तोंड भिंतीकडे करून. भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं होती, ती अशी वाचत बसलो की जणू उद्या त्याच्यावर परीक्षा आहे. कारण खिडकीवर पाटी होती ना... 'व्यसनमुक्ती'! ही एवढाली अक्षरं! जरा बारीक लिहिली असती तर रंग वाचला नसता का?

तुम्हाला सांगतो, या एका शब्दानं माझं वाटोळं केलं. माझं सलून आहे. दिवसभर गिऱ्हाइकाला मी काय म्हणतो? 'या, बसा.' आणि शटर अर्धं ओढलं की शेजारचा घड्याळवाला खालून मान घालून काय म्हणतो? 'काय, बसायचं का?' आता हे बसणं कुठलं ते तुम्हाला सांगायला नको, कोण कोण गालात हसतंय ते दिसतंय मला! आधी धंदा चांगला झाला म्हणून बसायचो, मग धंदा नाही झाला म्हणून बसायचो, मग घड्याळवाला नसला तरी एकटाच बसायला लागलो, आणि शेवटी तर सकाळी वस्तरा धरायचा म्हणजे आधी थोडं बसून घ्यावं लागायचं. हात थरथरायचा हो. न्हाव्याचा हात! गिऱ्हाइकं पूर्वी सुखानं डोळे मिटायची, आता भीतीनं मिटायला लागली.

तरी मी म्हणत होतो, चाललंय, चालतंय. पण माझी लेक... लहानपणापासून तिच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाची कात्री लागली नव्हती. शाळेत भाषण होतं तिचं. 'बाबा, पुढचे केस जरा सरळ कापून दे.' कापले. तिरके झाले. सरळ करायला गेलो, तर दुसऱ्या बाजूनं तिरके. पुन्हा सरळ करायला गेलो... कपाळ मोकळं झालं हो पोरीचं! रडली असती, ओरडली असती, तर परवडलं असतं. ती नुसती आरशातून माझ्या हाताकडे बघत राहिली. भाषण केलं टोपी घालून. लोकरीची टोपी, ऐन उन्हाळ्यात! आणि पुढच्या वेळी केस कापायला गेली कुठे? समोरच्या दुकानात. रस्त्यापलीकडे! माझ्या काचेतून मला नीट दिसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बायको एकच वाक्य बोलली. 'यावर काय तो इलाज शोधा, नाहीतर लेकीला घेऊन मी आईकडे जाते.'

शोधा म्हणे! दुकानात मोबाईलवाला, भाजीवाला, अख्खी गल्ली माना खाली घालून बसते, विचारणार कुणाला? शेवटी मोरीत नळ सोडून हेल्पलाइनला फोन लावला. म्हटलं, 'एका मित्रासाठी विचारतोय हं.' आवाज गोड होता मुलीचा. 'मित्राला झोप लागते का? मित्राची भूक कशी आहे? मित्राचे हात थरथरतात का?' मी आपला भडाभडा सगळं सांगत सुटलो, तर ती म्हणाली, 'तुम्हाला मित्राची फारच बारीकसारीक माहिती आहे.' म्हटलं, 'असणारच, रोज त्याची दाढी करतो मी!' खोटं होतं का काही त्यात?

तिनं दोन पत्ते दिले. पहिला खासगी. बाहेर बाग, आत कारंजं, आणि टायवाला माणूस असा हळू बोलत होता की जणू कुणीतरी झोपलंय. म्हटलं, 'मित्रासाठी विचारतोय, खर्च किती?' त्यानं तो तोंडानं सांगितलाच नाही. कागदावर लिहिला, कागद पालथा घातला आणि माझ्याकडे सरकवला. मी सुलटा केला... आणि परत पालथा घातला. अहो, एवढ्यात माझं दुकान आलं असतं, आरसे-खुर्च्यांसकट! 'बसा ना,' म्हणतो, 'हप्ते पाडून देऊ.' मी कसला बसतोय? पण एक कबूल करतो, तो आकडा बघून जेवढी उतरली, तेवढी आजवर लिंबू सरबतानं उतरली नव्हती.

मग आमचा विमा एजंट. जुनं गिऱ्हाईक. साबण लावता लावता हळूच म्हटलं, 'मित्रासाठी विचारतोय, दारू सोडायचा खर्च विम्यात मिळतो का हो?' डोळे मिटूनच म्हणाला, 'छे छे! स्वतःहून ओढवून घेतलेलं दुखणं ते. पॉलिसीत बसत नाही.' घ्या! मी बसतो, म्हणून पॉलिसीत बसत नाही!

राहिला दुसरा पत्ता. सरकारी दवाखाना. तिथे फुकट, पण माणूस या राज्याचा रहिवासी पाहिजे. कारकून म्हणाला, 'तुमचे मित्र राहतात कुठे?' म्हटलं, 'माझ्याच घरात.' 'जेवण?' 'माझ्याच ताटात.' 'फारच चिकट आहे हो मित्र! आणि तुम्ही तरी इथले कशावरून?' अहो साहेब, तुमचं टक्कल माझ्या हाताखाली पडलंय! पण नाही, दाखला आणा. आणला. तर म्हणे, 'खाट रिकामी नाही. झाली की फोन करू.' 'आणि तोवर?' 'तोवर घरी बसा.'

आता काय सांगू तुम्हाला... बसलो. त्याच संध्याकाळी बसलो. सरकारनंच सांगितलंय म्हटलं. आणि असाच एकदा बसलेलो असताना फोन वाजला. 'तुमच्या मित्रासाठी खाट रिकामी झालीय, उद्याच घेऊन या.' आणि मी, मी गाढव, काय म्हणालो? 'कुठला मित्र? मला कुणी मित्रबित्र नाही!' आणि फोन ठेवला. मागे बायको उभी होती. सकाळी बघतो, तर खोलीत लेकीची बॅग, अर्धी भरलेली. सगळ्यात वर ती लोकरीची टोपी.

तोंड न धुता धावलो हो दवाखान्यात! बायको मागून चालत आली. तर ती खिडकीतली बाई म्हणते, 'बसा'... मगाशी सांगितलं तीच. बसलो. नंबर आला. 'पेशंट कोण?' आणि इतका घाबरलो होतो, तरी सवयीनं तोंडातून काय निघावं? 'मित्र आहे माझा.' 'कुठाय मित्र?' तर मागून बायकोचा आवाज, खणखणीत, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा. 'मित्र नाही हो. नवरा आहे माझा. हा समोर उभाय तोच. नाव ह्यांचंच लिहा.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ती बाई मात्र मानसुद्धा वर न करता म्हणाली, 'इथे मित्रासाठीच येतात सगळे. खाट अजून आहे, जा आत.' आत गेलो, तर शेजारच्या खाटेवर कोण? विमा एजंट! मला बघून दचकला. म्हणाला, 'मित्राला भेटायला आलो होतो.' म्हटलं, 'वॉर्डातले कपडे घालून?' मग दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपलो.

सुटलो. दुकान उघडलं. घड्याळवाला शटरखालून मान घालतो, मी आतून शटर ओढतो, एकदा तर अडकलीच होती त्याची मान. बॅग रिकामी झाली, लेक आहे घरीच. पण केस? ते समोरच्याकडेच. आणि परवा दुपारी बघतो, तर ती रस्ता ओलांडून थेट माझ्या दारात! मी इतका गडबडलो की पोटच्या पोरीला म्हणालो, 'या, बसा.' ती उभीच. 'बाबा, आधी हात दाखव.' दाखवला. शपथेवर सांगतो, जो काही थरथरला तो तिच्यामुळे थरथरला. ती बघत राहिली... आणि बसली. म्हणाली, 'फक्त मागचे काप. पुढच्या केसांना हात लावायचा नाही.'

म्हटलं, 'अगं, आता बसलीस ना माझ्या खुर्चीत?'

'मी बसलेय, बाबा. विश्वास अजून बसायचाय.'

कात्री उचलली. म्हटलं, बसू दे सावकाश. आहे मी उभा.